घरांतील समुद्र

पोंवळें म्हटलें म्हणजे आपल्या घरांतील वडील मंडळींस अंगठींतील तांबडा खडा आठवतो, किंवा फार तर एखाद्या जुन्या माळेची गोष्ट निघते. तें पोंवळें निराळें. भूमध्य समुद्रांतील अंधाऱ्या कपारींत तें वाढतें आणि मेल्यावरच आपल्या हातीं येतें. आज मी ज्यांविषयीं लिहिणार आहें, तीं प्रवाळें उष्ण समुद्रांच्या उथळ, स्वच्छ पाण्यांत सूर्यप्रकाश खात वाढणारीं आणि पाण्यांतला चुना उचलून खडकच्या खडक उभे करणारीं आहेत. गेल्या वर्षीं हिवाळ्यांत तीं मला कोठें भेटलीं, तर बर्लिन शहरांत, तिसऱ्या मजल्यावरील एका दिवाणखान्यांत.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथें राहतात. त्यांच्याकडे चार महिने राहण्याचा योग आला. भिंतीस लागून तीनशें लिटर पाण्याची कांचेची टांकी, तींत सच्छिद्र खडक, त्यांवर जांभळ्या व हिरवट फांद्या, आणि मधून झेंडूच्या रंगाचे दोन मासे. येणारे जाणारे माशांपुढें उभे राहत. मी तीस वर्षें शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें असल्यामुळें माझें लक्ष माशांवरून उडून पाण्याकडे गेलें. हें पाणी समुद्राचें नव्हतें. नळाचें पाणी गाळून, त्यांत तयार मीठ विरघळवून तें केलेलें होतें. बर्लिनचें नळाचें पाणी फार जड, तें आर. ओ. यंत्रांतून काढून अगदीं कोरें केल्यावांचून चिरंजीव त्यास हात लावीत नसत.

हा छंद तसा नवा नाहीं. १८४६ सालीं लंडन येथील ॲना थिन या बाईंनीं टॉर्की गांवच्या समुद्रांतून दगडी बरणींत घालून जिवंत प्रवाळें घरीं आणलीं. ताजें समुद्रजल रोज मिळणें कठीण. तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतून त्यास हवा देण्याची युक्ति त्यांनीं काढली, आणि तें काम रोज अर्धापाऊण तास घरच्या मोलकरणीस करावें लागे. बाईंचें नांव शास्त्राच्या इतिहासांत राहिलें. पाणी ओतणारीचें राहिलें नाहीं. पुढें १९६१ सालीं जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं समुद्रांतून आणलेले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टांकी कशी चालते तें लिहून प्रसिद्ध केलें. खडकांच्या छिद्रांतील सूक्ष्म जंतू माशांच्या मळांतील विषारी अमोनिया पचवितात, हें त्यांतील मर्म. त्याला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड देऊन जी पद्धति रूढ झाली, ती आज बर्लिनच्याच नांवानें ओळखली जाते.

परंतु मळ काढणें ही अर्धीच गोष्ट झाली. प्रवाळ हें केवळ राहणारें नव्हे, बांधकाम करणारें बिऱ्हाड आहे. आणि बांधकामाचें सामान तें पाण्यांतूनच घेतें. समुद्रास याचें कांहीं वाटत नाहीं. तीनशें लिटरांच्या समुद्रास मात्र रोज वाटतें.

प्रथम मिठाची गोष्ट सांगतें, कारण ती सोपी आहे आणि तरीहि नवशिके तींतच चुकतात. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. या टांकींतून रोज सुमारें तीन लिटर पाणी उडून जाई. उडतें तें पाणी. मीठ जागच्या जागीं राहतें. म्हणून कमी झालेली भरती गोड्या पाण्यानें करावयाची, खाऱ्या नव्हे. दहा दिवस कोणीं लक्ष दिलें नाहीं, तर पस्तिसाचे एकोणचाळीस होतात. आमटी आटल्यावर तींत आणखी मीठ घालणारी सुगरण कोणीं पाहिली आहे काय?

आतां चुन्याकडे येऊं. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यासाठीं दोन वस्तू लागतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट. दुसरीची पाण्यांतील शिल्लक, म्हणजेच आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ति, तिला अल्कता म्हणतात व ती जर्मन अंशांत मोजतात. समुद्राची अल्कता सात अंशांच्या आसपास असते. चिरंजीवांनीं ती आठ ठरविली होती. कॅल्शियम एका लिटरांत सुमारें ४२० मिलिग्रॅम. आतां त्यांच्या टांकींतील प्रवाळें रोज एक अंशाहून किंचित् अधिक अल्कता व त्याबरोबर आठ मिलिग्रॅम कॅल्शियम फस्त करीत. या दोहोंचें प्रमाण ठरलेलें आहे, तें मोडत नाहीं. पण गंमत अशी, कीं कॅल्शियमचा सांठा पन्नास दिवसांचा आणि अल्कतेचा जेमतेम आठवड्याचा. कणगी भरलेली आहे, परंतु तेलाची बुधली रोज रिकामी होत आहे, असा हा संसार. म्हणूनच चिरंजीव अल्कता रोज मोजीत आणि कॅल्शियम आठवड्यांतून एकदां. मॅग्नेशियम त्याहून क्वचित्. तें १३०० च्या सुमारास असलें म्हणजे पुरे. चुना पाण्यांतल्या पाण्यांत गोठूं न देणें हें त्याचें काम.

ही रोजची तूट भरून काढण्याचा त्यांचा उपाय पाहून मला हंसूं आलें. मोठ्या पिंपांत पांढरा चुना घातलेला, वर नितळ पाणी. आपली चुन्याची निवळी! लहान मुलांस आजी देत असे तीच. १९७० नंतरच्या दशकांत पीटर विल्केन्स यांनीं तिचा या कामीं मोठा पुरस्कार केला. एका लिटरांत चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, अधिक कितीहि घातला तरी तो तळाशीं बसतो. त्यामुळें निवळीची शक्ति आपोआपच ठरलेली असते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. उडून गेलेल्या तीन लिटरांच्या जागीं तीन लिटर निवळी घातली, तर पाण्यास एक अंशाहून थोडी अधिक अल्कता आणि आठ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतें. म्हणजे प्रवाळांनीं दिवसभरांत नेलें तेवढेंच! प्रवाळें याहून वाढलीं म्हणजे हा मेळ बसणार नाहीं, दुसरीं औषधें लागतील. पण त्या दिवशीं मला एखादें अवघड गणित सुटल्याचा आनंद झाला.

निवळी मात्र तीव्र असते, तिचा पी-एच् बारांच्या वर. ती ओतावयाची नाहीं. थेंब थेंब सोडावयाची, आणि तीहि रात्रीं. दिवसा प्रवाळांच्या अंगांतील सूक्ष्म शेवाळ कर्बवायु ओढून घेतें, त्यामुळें टांकीचा पी-एच् ८.३ पर्यंत चढतो. दिवे मालवले म्हणजे तो ७.९ वर येतो. रात्रींची ही उतार निवळीनें सांवरली जाते. एकदम ओतली तर सारें पाणी दुधासारखें होऊन चुना पांढऱ्या भुकटीच्या रूपानें खालीं बसतो, आणि कॅल्शियम व अल्कता दोन्ही हातचीं जातात.

एका रविवारीं तेथील मराठी मंडळी जेवावयास आली. बाहेर हिमवृष्टि, खिडक्या गच्च बंद, आंत पंधरा माणसें आणि पुरणपोळीचा थाट. रात्रीं पाहतों तों पी-एच् ७.७! सर्वांच्या श्वासांतील कर्बवायु पाण्यांत उतरला होता. सूनबाईंनीं कांहीं एक औषध न घालतां अर्धा तास खिडकी उघडी टाकली. आम्ही शालींत गुरफटून बसलों आणि पाणी आपोआप ताळ्यावर आलें.

आतां माझ्या अपराधाची हकीकत. डिसेंबरांत उभयतां चार दिवस परगांवीं गेलीं आणि टांकी माझ्या स्वाधीन झाली. निवळीची नळी चुन्यानें तुंबते हें मला सांगितलेलें होतें. पण मी ती पाहिली नाहीं, टांकीकडेच पाहत राहिलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्याची पातळी उतरलेली दिसली. अल्कता मोजली, पिचकारीनें आम्लाचे थेंब सोडतांच रंग लौकर पालटला. सहा! दोन रात्रींत दोन अंश गेले होते. माझ्यांतली मास्तरीण जागी झाली. दोन अंशांस तीनशें लिटरांकरितां खाण्याचा सोडा अठरा ग्रॅम. तो तोलला, कोऱ्या पाण्यांत विरघळविला, आणि तो व वर सहा लिटर गोडें पाणी एका बैठकींत टांकींत घातलें. तासाभरानें पुन्हां मोजलें. आठ, अगदीं बरोबर आठ. मी समाधानानें चहा घेतला.

दुसऱ्या दिवशीं जांभळ्या प्रवाळाचीं टोकें पांढरीं पडलीं. चिरंजीव परत आले तोंपर्यंत त्याचें मांस बुडापासून चिंधीसारखें सुटूं लागलें होतें. त्यांनीं वही पाहिली, मग मजकडे. "आई, आंकडा चुकला नाहीं तुझा. पण दिवसाला अर्धा अंश, फार तर एक. त्याहून अधिक नाहीं द्यायचा." "अरे, सहावर कसें ठेवूं त्याला?" "सहावर तें चार दिवस राहिलें असतें," ते म्हणाले, आणि कातरी घेऊन मेलेला भाग छाटूं लागले. उतारानें घात केला, कीं माझ्या चढावानें, कीं एकदम ओतलेल्या गोड्या पाण्यानें, हें नक्की सांगतां येणार नाहीं. पण बाजूच्या अर्ध्या टांकीस त्याच दोन रात्रीं कांहीं झालें नव्हतें. जें गेलें तें माझ्या सोड्याच्या वाटेंत होतें. ज्या आंकड्यावर आपण पोंचतों त्यापेक्षां कोणत्या वेगानें पोंचतों, हें मी तीस वर्षें फळ्यावर कधीं लिहिलें नव्हतें.

इकडे परत आल्यावर आमच्या वाड्यांतील एका मुलानें ही गोष्ट ऐकून विचारलें, कीं मालवणाहून एखादी फांदी आणतां येईल का. त्यास मीं स्पष्ट सांगितलें, कीं आपल्या देशांत हें चालत नाहीं. खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान आहे, वाघास असलेलेंच. मुंबईस हाजीअली व वरळी येथें सागरी रस्त्याच्या वाटेंत आलेल्या प्रवाळवसाहती २०२० सालीं उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या, त्या याच कारणास्तव. बर्लिनमधील प्रवाळें एका छांदिष्टाच्या टांकींतून दुसऱ्याच्या टांकींत, गुलाबाच्या कलमांप्रमाणें, छाटून दिलेलीं होतीं. मुलास मीं मीठ, वजनकांटा आणि एक वही आणावयास सांगितलें. नुसतें खारें पाणी महिनाभर एका मापावर ठेवून दाखव, मग पुढचें बोलूं. बारा दिवस झाले, अजून वही चालू आहे.

परवां सूनबाईंचें पत्र आलें. छाटलेल्या बुंध्याच्या कडेनें नवें मांस धरून दोन टोकें फुटलीं आहेत, तांदळाच्या दाण्याएवढीं. सोबतच्या चित्रांत निवळीची नळी दोरीनें समोरच टांगलेली दिसते, आणि खालीं लिहिलें आहे: आज सकाळीं ७.९.