सी प्रोग्रॅम फोनवर चालत नाही? क्रॉस कंपायलर लावताना मी कुठे अडकलो

लॅपटॉपवर सी प्रोग्रॅम लिहायचा आणि आपल्याच अँड्रॉइड फोनवर चालवायचा, हे ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. सोमवारी प्रॅक्टिकलला सरांना दाखवायचं होतं. शनिवारी संध्याकाळी बसलो आणि रात्री अडीच वाजता स्क्रीनवर एकच ओळ होती: "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". अरे, फाइल तर समोर दिसतेय!

आधी थोडं मागे जाऊ. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, म्हणजे एक्स८६-६४. फोनचा एआरएम. दोघांची मशीनची भाषा वेगळी. उबुंटूवरचा साधा जीसीसी लॅपटॉपसाठीच प्रोग्रॅम बनवतो. एका मशीनवर बसून दुसऱ्या मशीनसाठी प्रोग्रॅम बनवणारा तो क्रॉस कंपायलर.

हे नीट न वाचताच मी साध्या जीसीसीने बनवलेली फाइल एडीबीने फोनच्या एसडीकार्ड फोल्डरमध्ये टाकली. (फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू पाहिजे, हे विसरू नका.) उत्तर आलं, "परमिशन डिनाइड". सीएचमॉड करून पाहिलं, काही फरक नाही. कारण आपले फोटो-गाणी जिथे राहतात त्या जागेवरून प्रोग्रॅम चालवायला अँड्रॉइडची मनाईच आहे. फाइल /डेटा/लोकल/टीएमपी मध्ये टाका, मग सीएचमॉड करा.

तिथे टाकल्यावर नवा एरर: "नॉट एक्झिक्युटेबल, ६४-बिट ईएलएफ फाइल". हा सरळ आहे, प्रोग्रॅम चुकीच्या प्रोसेसरसाठी बनलाय. आपल्या फोनला काय लागतं ते एडीबी शेलमध्ये गेटप्रॉप कमांडने 'आरओ.प्रॉडक्ट.सीपीयू.एबीआय' विचारून कळतं. (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.) माझं उत्तर होतं एआरएम६४-व्ही८ए. फोनच्या खोक्यावर भरवसा ठेवू नका. ६४-बिट चिपवर ३२-बिट अँड्रॉइड असलेले फोनही असतात.

मग उबुंटूमध्ये एपीटीने 'जीसीसी-एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू' टाकला, प्रोग्रॅम पुन्हा बनवला, आणि तिथे आला तो अडीच वाजताचा एरर.

गंमत अशी की हरवलेली फाइल माझी नव्हतीच. सी प्रोग्रॅम सहसा एकटा चालत नाही. प्रिंटएफसारखी फंक्शन्स सी लायब्ररीत असतात आणि ती जोडून द्यायला लोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो कुठे सापडेल, हा पत्ता आपल्या फाइलच्या आतच लिहिलेला असतो. लॅपटॉपवर रीडएल्फ कमांड 'एल' पर्यायासह चालवा, 'इंटरप्रिटर' असलेली ओळ शोधा. माझ्या फाइलमध्ये पत्ता होता /लिब/एलडी-लिनक्स-एएआर्च६४.एसओ.१. फोनवर असा लोडर नाही; तिथला लोडर आहे /सिस्टिम/बिन/लिंकर६४. एरर लोडरबद्दल होता, पण नाव माझ्या फाइलचं घेत होता. दोन तास मी फाइलचं स्पेलिंग तपासत बसलो होतो!

अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच आहे, म्हणून मी फसलो. पण त्याची सी लायब्ररी बायोनिक आहे, उबुंटूची जीलिबसी. कंपायलरच्या नावातलं शेवटचं 'जीएनयू' हेच सांगत होतं. प्रोसेसर जुळला, लायब्ररी नाही.

त्या रात्रीचा जुगाड: कंपाइल करताना डॅश लावून 'स्टॅटिक' लिहिलं. मग लायब्ररीचा लागणारा भाग फाइलमध्येच बसतो आणि लोडर लागत नाही. काही केबींची फाइल कित्येकशे केबींची झाली, पण फोनवर "नमस्कार" उमटला. झोपलो.

सोमवारी सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हा इंटरनेटवरून काही आणू शकेल का?" करून पाहिलं, नाही. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता काढायला जीलिबसी /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल शोधते आणि अँड्रॉइडमध्ये ती नसते. म्हणजे जुगाड छोट्या प्रोग्रॅमपुरताच.

त्या संध्याकाळी शेवटी गूगलचा एनडीके उतरवला, तो आधीच घ्यायला हवा होता. त्यातला कंपायलर 'एएआर्च६४-लिनक्स-अँड्रॉइड२१-क्लँग'. नावातला २१ म्हणजे एपीआय लेव्हल, अर्थात अँड्रॉइड ५.० आणि पुढचे फोन. "कमांड नॉट फाउंड" आलं तर एनडीकेच्या टूलचेन्स फोल्डरमध्ये एलएलव्हीएम, मग प्रीबिल्ट असं आत जाऊन बिन फोल्डर शोधा आणि त्याचा पत्ता पाथमध्ये घाला. जुन्या व्हिडिओंत जीसीसी वापरायला सांगतात. २०१८ च्या आर१८ आवृत्तीपासून एनडीकेमध्ये जीसीसी नाही, तो शोधत बसू नका.

नव्या फाइलवर रीडएल्फ चालवलं तेव्हा इंटरप्रिटरच्या ओळीत /सिस्टिम/बिन/लिंकर६४ दिसलं. फोनवर पाठवली, पहिल्याच फटक्यात चालली, आणि या वेळी वेबसाइटचा पत्ताही सापडला.