बर्फाच्या नदीवर विमान

आपल्या जालना जिल्ह्यातील मुलांना नदी परिचयाची आहे. कुंडलिका, दुधना, पूर्णा या नद्या आपल्या शिवारांतून वाहतात आणि दक्षिण सीमेवर गोदावरी वाहते. या साऱ्या नद्या पाण्याच्या. परंतु पृथ्वीवर बर्फाच्याही नद्या आहेत. उंच पर्वतांवर वर्षानुवर्षे हिम पडते. उन्हाळ्यातही ते पुरते वितळत नाही. नव्या थराच्या भाराने जुना थर दाबला जातो, भुसभुशीत हिमाचे कठीण बर्फ बनते आणि ते प्रचंड बर्फ आपल्याच वजनाने उतारावरून अत्यंत मंद गतीने खाली सरकू लागते. हीच हिमनदी होय. काराकोरम पर्वतातील सियाचीन हिमनदी सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता सुमारे ६० किलोमीटरांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या लांबीची कल्पना येईल.

अशा हिमनदीवर विमान उतरू शकेल काय? तेथे ना धावपट्टी, ना दिवे, ना जमिनीवरून खूण करणारे कोणी. बर्फ उतरते असते आणि त्यात खोल भेगा असतात. पुष्कळदा त्या भेगांवर नव्या हिमाचे पातळ छत पसरलेले असते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. तरीही माणसाने तेथे विमाने उतरविली आहेत.

१९ नोव्हेंबर १९४६ रोजी एक अमेरिकन डाकोटा विमान स्वित्झर्लंडमधील गौली हिमनदीवर आदळले. विमानात बारा माणसे होती आणि त्यांत तुमच्याच वयाची, अकरा वर्षांची, एक मुलगी होती. दैव बलवत्तर म्हणून सारेच वाचले. परंतु काही जण जखमी झाले होते आणि थंडी जीवघेणी होती. आपण नेमके कोठे पडलो आहोत, हे वैमानिकांनाही ठाऊक नव्हते. चार दिवसांनी पायी निघालेली मदतीची तुकडी मोठ्या कष्टाने त्यांच्यापर्यंत पोहोचली. आता प्रश्न उभा राहिला, की जखमींना त्या निसरड्या, भेगाळ वाटेने खाली न्यायचे कसे? २४ नोव्हेंबर रोजी व्हिक्टर हुग आणि पिस्ता हिट्झ या दोन स्विस वैमानिकांनी आपली लहान श्टोर्ख विमाने थेट हिमनदीवर उतरविली. श्टोर्ख या जर्मन शब्दाचा अर्थ करकोचा. करकोच्यासारखेच हे लांब पायांचे विमान अगदी संथ उडे आणि थोड्याशा जागेत उतरे. अनेक फेऱ्या करून त्यांनी बाराही जणांना सुखरूप खाली आणले.

हे कसे साधले, ते आता पाहू. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडीचे चाक रुतते. पण त्याच चिखलावर रुंद फळी टाकली, तर तिच्यावरून चालता येते. फळीमुळे वजन मोठ्या जागेवर वाटले जाते. हिमावर उतरणाऱ्या विमानालाही याच तत्त्वाने चाकांऐवजी स्की लावतात. स्की म्हणजे पुढचे टोक वर वळलेल्या लांब, रुंद पट्ट्या. मात्र त्यात एक अडचण होती. स्की लावलेले विमान बर्फावर उतरे, पण साध्या धावपट्टीवर त्याला चाकेच हवीत. न्यूझीलंडच्या हॅरी विगली यांनी वर-खाली करता येणाऱ्या स्की आपल्या विमानास बसविल्या आणि २२ सप्टेंबर १९५५ रोजी ते टास्मान हिमनदीवर उतरले. निघताना चाके आणि उतरताना स्की, अशी दुहेरी सोय त्यामुळे झाली.

स्कीला ब्रेक नसतो. मग विमान थांबावे कसे? येथे उतारच मदतीला येतो. वैमानिक नेहमी चढाच्या दिशेने उतरतो. टेकडी चढणारी सायकल पायडल न मारता आपोआप थांबते, तसा चढामुळे विमानाचा वेग मोडतो. पण थांबलेले विमान पुन्हा मागे घसरू नये, म्हणून वैमानिक इंजिनाच्या जोरावर ते वळवतो आणि उताराला आडवे उभे करतो. परत निघताना याच्या उलट क्रम. विमान उताराच्या दिशेने धावू लागते आणि उतारामुळे त्याला लवकर वेग येतो. म्हणजे उतरणे एका दिशेने आणि उडणे नेमके विरुद्ध दिशेने. म्हणूनच जाणता वैमानिक उतरण्याआधी त्या जागेवरून घिरट्या घालून प्रथम एकच गोष्ट पाहतो : येथून पुन्हा उडता येईल काय?

दुसरे संकट प्रकाशाचे. चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर समोरून उजेड पडला, तर तिचे उंचवटे दिसत नाहीत. तोच दिवा बाजूला धरला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि भिंत किती ओबडधोबड आहे ते कळते. ढगाळ दिवशी हिमनदीवर कोठेही सावली पडत नाही. आकाश पांढरे, बर्फ पांढरे! जमीन दहा फुटांवर आहे की शंभर फुटांवर, हे तीक्ष्ण दृष्टीच्या माणसालाही उमगत नाही. यावर अलास्कातील जुन्या वैमानिकांनी साधा उपाय शोधला. ते झाडाच्या हिरव्या फांद्या किंवा काळसर पोती विमानातून खाली टाकीत. पांढऱ्या पसाऱ्यावर ती काळी खूण दिसली, म्हणजे डोळ्यांना उंचीचा अंदाज येई.

तिसरे संकट डोळ्यांना दिसतच नाही. ते म्हणजे विरळ हवा. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० फूट उंचीवर आहे. येथे आपल्याला हवेची उणीव भासत नाही. सोळा हजार फुटांवर मात्र हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांशच उरते. विमानाचे पंख हवेवरच तोलले जातात. हवा विरळ झाली, की तेवढाच आधार मिळविण्यासाठी विमानाला अधिक वेगाने धावावे लागते; आणि नेमके त्याच वेळी प्राणवायू कमी मिळाल्याने इंजिनाची शक्ती घटते. गरज वाढते आणि बळ कमी होते, असा हा दुहेरी पेच असतो.

आपल्या देशाच्या वैमानिकांनी या पेचाशी मोठ्या धैर्याने सामना केला आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी लेह येथे पहिल्यांदा डाकोटा विमान उतरविले. त्यांच्याबरोबर जनरल थिमय्या होते. लेहवर त्या वेळी आक्रमकांचे संकट होते आणि तेथे सैन्य पोहोचविण्यास दुसरा जलद मार्ग नव्हता. साडेदहा हजार फुटांवरील ती कच्ची धावपट्टी अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांच्या श्रमांतून तयार केली होती. पुढे १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीजवळील दौलत बेग ओल्डी या सोळा हजार फुटांहून उंच पठारावर पॅकेट जातीचे मालवाहू विमान उतरविले. इतक्या उंचीवर दोन इंजिनांचे बळ पुरे पडत नसे, म्हणून या विमानांच्या पाठीवर आणखी एक जेट इंजिन बसविलेले असे. दौलत बेग ओल्डी ही हिमनदी नव्हे. पण हवेच्या विरळपणाची परीक्षा तेथे अधिकच कठीण आहे.

खुद्द सियाचीनवर हेलिकॉप्टर हेच मुख्य वाहन ठरले. भारतीय वायुसेनेचे चेतक हेलिकॉप्टर ऑक्टोबर १९७८ मध्ये प्रथम तेथे उतरले. आजही उंच चौक्यांवरील जवानांसाठी अन्न आणि औषधे हेलिकॉप्टरने जातात आणि आजारी जवान त्यातूनच खाली येतात. तेथे वैमानिक इंजिन बंद करीत नाही. सामान उतरताच तो पुन्हा निघतो.

आता काही देशांत सामान्य प्रवासीही हिमनदीवर उतरतात. अलास्कात चाकांवरचे घर म्हणावे अशा मोठ्या मोटारगाड्यांतून फिरणारी कुटुंबे टॉकीटना या गावी येतात. तेथून स्की लावलेल्या लहान विमानांत बसून ती २०,३१० फूट उंच अशा डेनाली शिखराच्या परिसरात जातात, हिमनदीवर उतरतात आणि काही मिनिटे त्या शुभ्र, नि:शब्द प्रदेशात उभी राहतात. प्रवासी शिखरांकडे पाहत असतात, तेव्हा वैमानिकाचे लक्ष ढगांकडे असते. हवा बिघडण्याची चिन्हे दिसताच तो सर्वांना विमानात बोलावतो. कधी तो हिमनदीवरून नुसतीच घिरटी घालून परततो. प्रवासी हिरमुसतात, पण न उतरण्याचा निर्णय घेणे हाही वैमानिकाच्या कौशल्याचाच भाग आहे.

गौलीवर पडलेले ते डाकोटा विमान मात्र तेथेच राहिले. हिमाने त्याला झाकले आणि बर्फाने पोटात घेतले. पुढे २०१२ मध्ये त्याचा पंखा बर्फातून पुन्हा वर आला, तो पडल्या जागेपासून पुष्कळ खाली! सहासष्ट वर्षे हिमनदी त्याला हळूहळू वाहून नेत होती. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने अनेक हिमनद्या आता वितळून आखडत आहेत. टास्मान हिमनदीच्या तोंडाशी आज मोठे सरोवर आहे. काही दशकांपूर्वी तेथे बर्फच होते. स्थिर दिसणारे बर्फ असे सतत बदलत असते. म्हणून काल सुरक्षित असलेली जागा वैमानिक आज पुन्हा नव्याने पारखून घेतो आणि मगच विमान खाली आणतो.