गळ रुतला? ओढू नका!

दर्यावर्दी भावांनो, हातात गळ रुतला की आपण काय करतो? दात आवळून ओढतो, हळद दाबतो आणि परत जाळ्याला हात घालतो. आमच्यातल्या एका खलाशाने हेच केलं. चौथ्या दिवशी पंजा सुजला, पू झाला, ऐन मोसमात तीन आठवडे घरी बसावं लागलं.

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. आत सहज जातो, ओढला की मांस फाडतो. म्हणून दोरी कापा, दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून गळ हलणार नाही अशी पट्टी बांधा आणि डॉक्टरकडे जा. रक्त येत असेल तर गळाच्या बाजूला दाबा, गळावर नको.

पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा विषारी. हाता-पायाला लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात (साधारण ४५ अंश) ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी आधी चांगल्या हाताने बघा. मान, छाती, पोटात किंवा डोळ्यात काही घुसलं तर हात न लावता थेट हॉस्पिटल.

जखम छोटी असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. किनाऱ्यावर १०८, समुद्रात तटरक्षक दल १५५४. तांडेलांनो, हे नंबर आजच केबिनमध्ये लिहून ठेवा. एक दिवसाची मासळी बुडाली तरी चालेल, हात राहिला पाहिजे!