सोळा ठोक्यांचा न्याय

पार्ल्यात विनोदाचा विषय निघाला की तो पु. ल. देशपांड्यांपाशी येऊन थांबतो. ते रास्तच आहे. ते पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी. मला मात्र गेली काही वर्षे ज्या विनोदाने नादी लावले आहे, त्याला लेखक नाही आणि अर्थही नाही. खेळाआधी राज्य कुणावर, हे ठरवणारी मुलांची गाणी : अक्कड-बक्कड, अरिंग-मिरिंग, इनी-मिनी.

या गाण्यांत अर्थ नसतो, हीच त्यांची सोय आहे. ‘सगळ्यांत लहान असेल त्याच्यावर राज्य’ असे म्हटले की भांडण ठरलेले. पण ‘मायनी मो’शी कोण भांडणार? निरर्थक शब्दाला कुणाची बाजू घेता येत नाही. मुले हसतात आणि निकाल मान्य करतात. म्हाडाच्या घरांच्या सोडतीमागेही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे कुणी हसत नाही. हेन्री कॅरिंग्टन बोल्टन या अमेरिकन अभ्यासकाने 1888 साली अनेक भाषांतली अशी गाणी एकत्र करून छापली. त्यांचे मूळ कौल लावण्याच्या जुन्या प्रथांत असावे, असा त्याचा तर्क होता.

पण इथे खरोखर दैव असते का? वाचकांनी फराळाच्या पाच वाट्या गोल मांडून पाहावे. आमच्या वाडीतल्या इनी-मिनीला सोळा ठोके होते. पहिल्या वाटीपासून मोजा. सोळावा ठोका पुन्हा पहिलीवरच येतो. ती सुटली. पुढच्या वाटीपासून पुन्हा सोळा. आता पाचवी सुटते. मग दुसरी, मग चौथी. उरते ती तिसरी. कितीही वेळा करा, तिसरीच उरेल. म्हणजे पाच जणांत स्वतःपासून मोजणारा आधी सुटतो आणि त्याच्यापासून तिसऱ्यावर राज्य येते.

हे मला नवव्या वर्षी कळले. मे महिन्याची सुट्टी होती, खेळ डबा ऐसपैस. आमच्यात एक मुलगा पळण्यात मागे पडायचा. त्याच्यावर राज्य आले की आमची चंगळ. मी मोजायला पुढे व्हायचो आणि तो माझ्यापासून तिसरा उभा राहील, असे बघायचो. ती सुट्टी त्याने जवळजवळ सगळी राज्य घेण्यात काढली. वाईट याचे वाटते की, तो प्रत्येक वेळी गाण्याला आमच्याइतकाच हसायचा. मी नेमले असते तर तो भांडला असता. गाण्याने नेमले म्हणून गप्प राहिला. जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि पुढे तो खेळायला येईनासा झाला. त्याला मी आजवर काही सांगितलेले नाही.

केनेथ गोल्डस्टीन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा फिलाडेल्फियातल्या मुलांवरचा निबंध 1971 साली प्रसिद्ध झाला. तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. ही गाणी म्हणजे नुसते नशीब, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मुले जागा बदलतात, सोयीचे गाणे निवडतात, शेवटी जादा शब्द जोडतात, असे त्याने दाखवले. लबाड मी एकटाच नव्हतो, एवढे समाधान मिळाले. पण ते पुरेना.

मागच्या सुट्टीत आमच्या इमारतीखाली पाच मुले गोल करून उभी होती. मोजणाऱ्या मुलाने स्वतःपासून सुरुवात केली. मी गॅलरीतून तिसरीकडे पाहू लागलो. सात-आठ वर्षांची मुलगी. सोळावा ठोका पडला आणि ती ओरडली, “द-ही-ब-टा-टा-पु-री!” सगळे फिदीफिदी हसले, आणि मोजणाऱ्याला ते सात ठोके पुढे मोजावेच लागले. सोळा आणि सात तेवीस. बोट नेमके तिच्यावर आले. ती सुटली.

तिने गणित केले होते की तिला भूक लागली होती, हे मी विचारले नाही. पण एक गोष्ट उमगली. निरर्थकपणाचा न्याय कुणीतरी ठोके मोजू लागेपर्यंतच टिकतो. आणि तो बिघडला की दुरुस्त करायला आणखी थोडा निरर्थकपणाच लागतो. माझ्या वाडीत त्या मुलाच्या वतीने दहीबटाटापुरी म्हणणारे कुणी नव्हते.