काटा व्हायच्या आत

अकरा वाजलेत आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात सावलीसाठी माणसं एकमेकांना सरकवतायत. बीट चालू आहे. खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जातो. कुणी खाली वाकून हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला केशरी गाभा उन्हात धरून बघतो, पुन्हा ढिगात टाकतो. मग भाव पुकारला जातो, इतक्या वेगात की माझ्यासारखीला फक्त आकड्यांची शेपटं ऐकू येतात. परभणीचे, नांदेडचे, वाशीमचे, यवतमाळचे टेम्पो रांगेत उभे आहेत. नाकात, पापण्यांवर, पाण्याच्या बाटलीवर पिवळी धूळ.

दादाची सेलम जातीची हळद आहे. मागच्या जूनमध्ये लावलेली; काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली आणि आज एकदाची इथं आली. भाव पटतो. दादा मान डोलावतो, पण हसत नाही. ढीग अजून जमिनीवर आहे, काट्यावर नाही.

‘‘काट्याला दोन वाजतेत,’’ आडत्याचा माणूस म्हणतो. ‘‘पट्टी मंग. तवर जेवून घ्या.’’

म्हणून आम्ही पाच जण जेवायला निघतो: माय, दादा, वहिनी, अकरावीतली भाची आणि सुटीला माहेरी आलेली मी. बाबांच्या वेळी हे असं नव्हतं. माल विकायला ते एकटे यायचे, भाकरी फडक्यात घरून आणायचे आणि हॉटेलातून फक्त भजे आणि रस्सा घ्यायचे. आम्हाला त्या हॉटेलातून काय यायचं, तर तेलानं पारदर्शक झालेल्या वर्तमानपत्रातले उरलेले चार भजे.

हॉटेल जुन्या धाटणीचं आहे. गल्ल्यामागे देवाचा फोटो, त्यापुढे विझलेली उदबत्ती, बडीशेपेची बरणी, काचेच्या कपाटात पेढे. बाहेरच्या मोठ्या खोलीत सगळे पुरुषच. हळदीचे, सोयाबीनचे, तहसीलच्या कामाला आलेले. आम्हाला बघताच वेटर पोरगा खांद्यावरचा फडका आतल्या बाजूला उडवतो. ‘‘फॅमिली आत.’’

आत म्हणजे फॅमिली रूम. पडदा एकेकाळी निळा असावा. वहिनी सवयीनं तिकडे वळलीसुद्धा. माय मात्र दारातच उभी.

‘‘आत फॅन हाय का?’’

‘‘हाय की.’’

‘‘चालू हाय का?’’

पोरगा गल्ल्याकडे बघतो. गल्ल्यावरचे काका वर बघतात.

‘‘मंग आम्ही हितंच बसतो,’’ माय म्हणते आणि मधल्या टेबलाची खुर्ची ओढून बसते. शेजारचे धोतरवाले आजोबा आपली पिशवी उचलून मांडीवर घेतात. ‘‘बसा, बसा माय,’’ म्हणतात आणि पुन्हा कांद्याकडे वळतात. बस्स, एवढंच होतं. मी उगाच चार जणांच्या नजरा मोजायला तयार झाले होते.

दादा कुणाला न विचारता ऑर्डर देतो: शेवभाजी, डाळ तडका, ज्वारीच्या भाकरी, पोरीला पनीर. ठेचा आणि लिंबू न मागता येतात. शेवभाजीवर तर्रीचा लाल थर आहे आणि शेव अजून कडक. वहिनी बोटाच्या टोकानं रस्सा चाखते, डोळे बारीक करते. ‘‘मसाला इकतचा हाय. खोबरं नीट भाजलेलं नाई.’’ निकाल लागला तरी ती वाटी पुढे ओढून घेते.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. तव्यावरची पहिली भाकरी वहिनीच्या ताटात पडते, अजून वाफ धरलेली. घरी तिची शेवटची असते. ती भाकरीचा पापुद्रा सोडवते, त्यात ठेचा भरते आणि इतकी सावकाश खाते की दादा दोनदा घड्याळ बघतो. पोरगा विचारतो, ‘‘अजून एक आणू का वहिनी?’’ आणि ती ‘‘आण’’ म्हणते.

हात धुऊन बाहेर पडतो तोच भाची विषय काढते. तिला कोल्ड कॉफी पाहिजे. नांदेडच्या रस्त्याला नवा कॅफे झालाय, तिच्या मैत्रिणी तिथं वाढदिवस करतात.

‘‘तसल्या ठिकाणी जायचं नाई,’’ दादा म्हणतो.

तसल्या ठिकाणी म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. छोट्या गावांतल्या काही कॅफेंत प्लायवूडचे कप्पे आणि पडदे असतात, कॉलेजची पोरंपोरी तिथं बसतात, मग पोलिसांची धाड पडते आणि पेपरात बातमी येते. मला या बातम्यांचा राग येतो तो वेगळ्या कारणानं. ज्या गावात दोघांना शेजारी बसून बोलायला पारावरही जागा नाही, तिथं कुणीतरी पडदा लावून तासाचे पैसे घेणारच. हॉटेलांनी बायकांसाठी लावलेला पडदा आपण पिढ्यान्‌पिढ्या सभ्य मानला आहे.

‘‘दादा, काचेचा हाय तो. रोडवरून सगळं दिसतंय,’’ भाची म्हणते.

काचेचाच आहे. आत एसी, भिंतीवर इंग्रजी पाटी, कोपऱ्यात प्लॅस्टिकची वेल. मालक म्हणजे फार तर विशीतला पोरगा, आणि वेटरही तोच. दादा रस्त्याकडे तोंड करून बसतो, निदान आपण काही लपवत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, आणि तीही कुणी शहरातला पाहुणा चहा नको म्हणाला तरच. इथं उंच ग्लास येतो, आतून चॉकलेटच्या रेघा, वर फेस. माय ग्लास उजेडाकडे धरते, मगाशी खरेदीदारानं हळकुंड धरलं होतं तसा. ‘‘निम्मा तर बरफच हाय. काफीचा भाव बरफाला?’’ मग स्ट्रॉ बाजूला ठेवते, एक घोट घेते आणि भाव विसरते.

भाची मोबाइल पुढे करते. लंडनमधल्या कुठल्याशा कॅफेची यादी; त्यात हळदीचं गरम दूध, टर्मरिक लाटे नावानं. दादा किमतीचे रुपये करायला सांगतो. ती करते. तो पुन्हा करायला सांगतो. ‘‘चमचाभर हळदीचे एवढे? आन्‌ आमची क्विंटलनं जाते.’’ वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा भाव चढेल अशी गावात चर्चा होती; आता तो मनातल्या मनात काहीतरी गुणाकार करतोय.

मायचा प्रश्न वेगळाच. ‘‘त्याहिला दुखतंय का काही?’’

‘‘कामून?’’

‘‘मंग हळदीचं दूध कामून पिऊ लालेत?’’

वहिनीला ठसका लागतो. कॅफेचा पोरगा पाणी घेऊन पळत येतो, आणि कशाला हसताय ते कळल्यावर तोही हसतो. त्याच्या वडिलांचाही माल आजच यार्डात आहे म्हणे, औंढ्याकडचा. तिकडे दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होणार, बाहेरची माणसं येणार, कॅफे चालेल, असा त्याचा हिशेब आहे. भाची लगेच त्याला गुरुत्वीय लहरी समजावायला लागते, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा टिश्यूवर काढून दाखवते. तो मान डोलावतो. दादा त्या दोघांकडे बघतो, मग टिश्यूकडे, मग पुन्हा त्या दोघांकडे.

एवढ्यात फोन वाजतो. काटा लागतोय. दादा उभा राहतो. ‘‘चला.’’

‘‘तू जा,’’ माय म्हणते. ‘‘काटा करून, पट्टी घेऊन ये. आम्ही हितं थंड बसलोत.’’

‘‘एकट्या?’’

‘‘चौघीजणी हावोत की.’’

दादा दारापर्यंत जातो, थांबतो, परत येऊन दोन नोटा टेबलावर ठेवतो. माय त्या त्याच्या खिशात परत घालते आणि कमरेची पिशवी चाचपते. काचेतून त्याची मोटारसायकल वळताना दिसते.

वहिनी मेनूकार्ड जवळ ओढते, पान उलटते, एका ओळीवर बोट ठेवते.

‘‘ताई, हे पेरी पेरी तिखट असतंय का गोड?’’