अंधेरीतले दगडी खांब

मुंबईत राष्ट्रीय उद्यानं किती, असं कुणी विचारलं तर आपण बोरिवलीचं नाव सांगून मोकळे होतो. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल, कान्हेरीची लेणी, बिबटे. पण त्याच मुंबईत, अंधेरीच्या भर वस्तीत आणखी एक जागा आहे. १९५२ साली केंद्र सरकारने वन कायद्याखाली तिला राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केलं, असं तिच्याविषयीच्या नोंदी सांगतात. तिथे जंगल नाही. बिबट्या तर सोडाच, मांजरालाही चढता येऊ नये असा एक काळा, उभा, एकसंध कडा आहे. उंची सुमारे दोनशे फूट. नाव गिल्बर्ट हिल. माथ्यावर गावदेवी-दुर्गामातेचं देऊळ आहे, त्यामुळे नवरात्रात तिथे जाणारे पुष्कळ. दगड बघायला जाणारे थोडे. आज मी बोलणार आहे ते त्या दगडाविषयी.

जायला अवघड काही नाही. अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेला उतरायचं आणि रिक्षावाल्याला टेकडीचं नाव सांगायचं. रिक्षा एका गजबजलेल्या रस्त्याने जाते. दुकानं, गॅरेज, दाटीने उभ्या चाळी, त्यांच्या मागे नव्या उंच इमारती. आणि एका वळणावर, दोन घरांच्या फटीतून, हा कडा एकदम समोर येतो. आधी वाटतं की ही एखादी अर्धवट बांधलेली प्रचंड भिंत असावी. जवळ गेल्यावर दिसतं की ती सलग भिंत नाही. खालपासून वरपर्यंत उभे खांब आहेत, एकाला एक चिकटून लावलेले, प्रत्येकाला पैलू पाडल्यासारख्या सरळ कडा.

माझ्याबरोबर माझी भाची होती, सातवीतली. तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे कोणी रचलं?”

प्रश्न अगदी योग्य होता. निसर्ग सरळ रेघ सहसा ओढत नाही. डोंगर म्हटला की तो ओबडधोबड, दगड म्हटला की तो वेडावाकडा, अशी आपली समजूत असते. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असेच सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेलेले आहेत. तिथल्या लोकांनी ठरवून टाकलं की एका राक्षसाने समुद्रापलीकडच्या दुसऱ्या राक्षसाशी लढायला जाण्यासाठी ही वाट बांधली. त्या जागेचं नावच ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे राक्षसाची फरसबंद वाट. आपल्याकडे अशा जागी पांडवांचं नाव पुढे आलं असतं.

रचणारी खरी गोष्ट म्हणजे थंड होणं. आपला बहुतेक महाराष्ट्र ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो बेसाल्ट. जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. सह्याद्रीकडे लांबून पाहिलं की डोंगराला पायऱ्या असल्यासारख्या दिसतात, त्या या थरांच्या. या दगडाला इंग्रजीत जो ‘ट्रॅप’ शब्द लावतात, तोही पायऱ्या या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. हा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

आता खांब कसे होतात ते पाहू. मे महिन्यात तळं आटलं की तळाचा चिखल सुकतो आणि त्याला भेगा पडतात. चिखल सुकताना आकसतो, पण सगळा मिळून एका बाजूला सरकू शकत नाही, म्हणून तो जागोजागी फाटतो. लाव्ह्याचंही तसंच. फरक इतकाच की चिखलातलं पाणी जातं आणि लाव्ह्यातली उष्णता जाते. जाड थर सावकाश, सारखेपणाने थंड होत असेल तर ताणही सगळीकडे सारखा पडतो. असा ताण कमीत कमी भेगांमध्ये मोकळा करायचा तर सोयीचा मार्ग म्हणजे एका बिंदूपासून तीन भेगा, समान अंतरावर. अशा तीन-तीन भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या की मधे उरते ती षट्‌कोनी लादी. मधमाशीच्या पोळ्यासारखी. पण पोळं मधमाशी बांधते, इथे कुणी काही बांधत नाही. म्हणून सगळ्या लाद्या काटेकोर षट्‌कोनी नसतात. पाच बाजूंच्या, सात बाजूंच्याही असतात.

इथवर झाली पृष्ठभागावरची नक्षी. पुढे ही थंडी जसजशी आत शिरते तसतशी भेगही आत सरकत जाते, थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने. लादीचा खांब होतो. खांबाची दिशा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असते. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत, याचा अर्थ तिथला थंड होणारा पृष्ठभाग आडवा होता. खांबाची जाडीही काही सांगते. लाव्हा फार सावकाश थंड झाला तर खांब जाड, भराभर थंड झाला तर बारीक.

हे घरी करून पाहता येतं. किराणा दुकानात कॉर्नफ्लॉवर मिळतं. ते पाण्यात घट्टसर कालवून एका काचेच्या पेल्यात भरावं आणि वर विजेचा दिवा लावून ठेवावं. घाई करू नये, आठवडाभर लागतो. वाळलेला गोळा हलक्या हाताने मोडला की आत बोटाएवढेही जाड नसलेले, पैलूदार, उभे खांब निघतात. भाचीने हा प्रयोग केला. तिच्या आईला मात्र स्वयंपाकघरातला दिवा आठवडाभर अडकून पडल्याचा राग आला होता.

टेकडीचं वय सहसा साडेसहा कोटी वर्षं असं सांगितलं जातं. दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य काळ तो खराच. पण हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी या संशोधकांनी खुद्द या टेकडीच्या दगडाची तपासणी करून २००१ साली जे वय प्रसिद्ध केलं, ते सुमारे सहा कोटी पाच लाख वर्षं भरलं. दगडातल्या पोटॅशियमचा काही अंश फार मंद पण ठरलेल्या गतीने आरगॉन वायूत बदलत असतो; तो वायू किती साठला हे मोजून वय काढतात. पंचेचाळीस लाख वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. सह्याद्री घडवणारा मोठा उद्रेक थांबल्यावरही मुंबईच्या भागात जमिनीखालचा विस्तव पुरता विझलेला नव्हता, असा त्याचा अर्थ.

मुंबईतल्या या उद्रेकांच्या अधल्यामधल्या शांत काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. हे कशावरून? वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या दगडात इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. आज वरळीला जिथे माणसं जागेसाठी कोट्यवधी रुपये मोजतात, तिथे एके काळी बेडूक फुकटात राहत होते.

आता यातला विचित्र भाग. गिल्बर्ट हिलचे हे खांब आपल्याला दिसतात कशामुळे? मुख्यतः दगडखाणींमुळे. मुंबई वाढू लागली, रस्त्यांना आणि इमारतींना खडी हवी झाली. आसपासचा दगड सुरुंग लावून फोडला गेला, गाड्या भरभरून गेला. उरली ती ही एवढीच टेकडी, चारी बाजूंनी तासल्यासारखी. ज्या खाणीने डोंगर संपवला तिनेच त्याचं पोट उघडून दाखवलं. असं आणखीही घडतं. यवतमाळ जिल्ह्यात शिबला गावाजवळ २०२१ साली रस्त्याच्या कामात माती उकरताना असेच पैलूदार खांब उघडे पडले. म्हणून खाण म्हटली की सरसकट शिव्या देणं मला पटत नाही. प्रश्न एवढाच आहे की पोटात काय आहे हे दिसल्यावर आपण हात थांबवतो की नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात ‘डेव्हिल्स पोस्टपाइल’ नावाची जागा आहे. तिथले खांब साठ फुटांपर्यंतचे, म्हणजे आपल्या टेकडीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाचेही नाहीत. १९१० च्या सुमारास तिथे एक योजना आली. खांब सुरुंगाने उडवायचे, त्याच दगडांचा नदीवर बांध घालायचा आणि खाणींसाठी वीज करायची. वन खात्यातले अभियंता वॉल्टर ह्यूबर यांच्याकडे तो अर्ज आला. त्यांनी विरोध केला, जॉन म्यूर आणि त्यांच्या सिएरा क्लबलाही सोबत घेतलं, आणि १९११ साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. आज लोक त्या खांबांच्या माथ्यावर चालतात. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेल्या षट्‌कोनी लाद्या पायाखाली दिसतात. आपल्याकडे हे पाहायचं असेल तर कर्नाटकात मालप्यासमोरच्या सेंट मेरी बेटांवर जावं. ती बेटं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत आणि खांबांची टोकं तिथे अगदी हाताशी येतात.

गिल्बर्ट हिलला ती सोय नाही. कड्यात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलं की देऊळ, छोटीशी बाग, बसायला जागा, भन्नाट वारा आणि चहूकडे पसरलेली उपनगरं दिसतात. खांब दिसत नाहीत, कारण आपण त्यांच्या डोक्यावर उभे असतो. माथ्यावरून उतरलेले कितीतरी लोक आपण काय पाहून आलो हे न कळताच घरी जातात. माहितीचे दोन ठळक फलक, मराठीत, पायथ्याशी लावले तरी बरंच साधेल असं मला वाटतं.

२००७ साली मुंबई महानगरपालिकेने टेकडीला दुसऱ्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा दिला. भूवैज्ञानिकांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. दर्जा मिळाला ही चांगलीच गोष्ट. पण वारशाच्या यादीतल्या जुन्या इमारतीचा दगड निखळला तर तसाच दुसरा घडवून बसवता येतो. खांब निखळला तर बसवायला दुसरा कुठून आणणार? आणि ‘दगडाला काय होतंय’ हे इथे खरं नाही. ज्या भेगांमुळे खांब घडले त्या भेगा त्यांची कमजोर बाजूही आहेत. पावसाचं पाणी त्यांतून झिरपतं. पिंपळ-उंबराची मुळं त्यांत शिरून पाचर ठोकल्यासारखी दगड सुटे करतात. बाजूचा डोंगर होता तोवर खांबांना आधार होता, तो आता नाही. शेजारी इमारतीचा पाया खणताना बसणारे हादरे दगडापर्यंत पोचतातच. खाली कड्याला टेकून घरं आहेत, त्यांत माणसं राहतात. तेव्हा टेकडीची पाहणी करणं, सुटे दगड वेळेवर उतरवणं, पायथ्याशी थोडी मोकळी जागा राखणं हे दगडासाठी जितकं गरजेचं आहे, तितकंच त्या घरांतल्या मुलाबाळांसाठीही.

जाणार असाल तर पावसाळा टाळा, पायऱ्या निसरड्या होतात. हिवाळ्यातली दुपार चांगली. वर जाण्याआधी टेकडीला शक्य तितकी प्रदक्षिणा घाला. रस्ता सलग नाही, गल्ल्यांतून वाट काढावी लागते, पण विचारलं तर लोक सांगतात. एका ठिकाणी उभं राहून एकच खांब निवडा आणि नजर खालून वर न्या. ऊन कलतं असलं तर प्रत्येक खांबाची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि पैलू स्पष्ट दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर बाजू मोजायला सांगा. आमच्या हिशेबात जवळून दिसणाऱ्या खांबांपैकी बरेचसे पाच बाजूंचे भरले. भाचीचं म्हणणं की सहावी बाजू मागे लपलेली आहे.