एका खुणेची किंमत

टेबलाभोवती चार-पाच जण बसले आहेत. समोर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे. त्यातली एक मुलगी म्हणते, "मी त्या राक्षसावर खूण करते!" आणि बाकीचे सरसावून बसतात. पाहणाऱ्याला वाटावे, हा कसला खेळ? ना पट, ना घरे, ना सोंगट्यांची मारामारी!

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात आणि जमले की फसले ते फासा ठरवतो. या पात्रांतला रानावनात वावरणारा, माग काढणारा वीर म्हणजे रेंजर. १९७५ पासून तो या खेळात आहे. 'हंटर्स मार्क', म्हणजे शिकाऱ्याची खूण, हा त्याचा हुकमी मंत्र.

२०१४ च्या नियमांप्रमाणे ९० फुटांच्या आत दिसणाऱ्या एका शत्रूवर ही खूण करता येते. नेम धरून बाण मारण्याची मुख्य चाल तशीच शिल्लक राहते. खुणेला लागते ती फक्त त्या पाळीतली छोटी जादा चाल. त्यानंतर प्रत्येक लागलेल्या बाणामागे सहा बाजूंचा एक फासा जादा टाकायचा. शत्रू झाडीत दडला, तर त्याला शोधताना फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. तो मेला, की पुढच्या एखाद्या पाळीला तीच खूण दुसऱ्यावर नेता येते, नवा मंत्र खर्च न करता. मात्र तो मरायला हवा! नुसता पळून गेला, तर खूणही त्याच्याबरोबर पळते.

एक फासा म्हणजे सरासरी साडेतीन. एवढ्याने काय होणार? हिशेब करून पाहा. ओगर नावाच्या आडदांड राक्षसाचा जीव ५९ गुणांचा. साधारण रेंजरचा बाण सरासरी साडेसात गुण काढतो, म्हणजे आठ बाण लागायला हवेत. खूण असेल तर सहा पुरतात. वाचलेल्या दोन बाणांत एखादा सोबती मरता मरता वाचतो. उलट, सात गुणांच्या फुटकळ गॉब्लिनवर खूण करणे म्हणजे डासावर तोफ डागणे.

खरी मेख आहे ती एकाग्रतेत. खूण टिकवायला रेंजरला मन एकवटून ठेवावे लागते, आणि असे मन एका वेळी एकाच मंत्रावर एकवटता येते. जमिनीतून काटे उगवून शत्रूंची वाट अडवणारा मंत्र त्याच्याजवळ असेल, तर तो म्हणताच खूण पुसली जाते. शिवाय शत्रूचा तडाखा बसला, की वीस बाजूंचा फासा टाकून एकाग्रता राखावी लागते. त्यात शरीराच्या काटकपणाचे गुण मिळवून निदान दहा, आणि तडाखा फार मोठा असेल तर त्याच्या निम्म्याइतका आकडा यावा लागतो. नाही आला, की खूण गेलीच. म्हणून जाणता खेळाडू खूण करून धनुष्य घेऊन लांब उभा राहतो. दोन तलवारी परजत गर्दीत घुसणाऱ्याची खूण फार वेळ टिकत नाही.

२०२४ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती आली. आता पहिल्याच पातळीवर रेंजरला ही खूण येते आणि मंत्रांच्या साठ्याला हात न लावता दोनदा करता येते. पण एकाग्रतेची अट कायम. आमच्या मते इथेच घोळ झाला. रेंजरची पुढची बक्षिसे या खुणेला बांधली, आणि खूण मात्र त्याच्या इतर चांगल्या मंत्रांच्या आड येते! तेराव्या पातळीवर थोडी सुटका होते. तडाख्याने खूण पुसली जात नाही. विसाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीवर सहा बाजूंच्या फाशाऐवजी दहा बाजूंचा फासा हाती येतो. इथवर पोचायला महिनोन्‌महिने खेळावे लागते, आणि सरासरीने पदरात पडतात जादा दोन गुण.